एक वाट, बारा महिने : प्राथमिक शाळेतील निसर्गनिरीक्षण

प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात परिसर अभ्यासास स्वतंत्र स्थान मिळून बराच काळ लोटला आहे. तथापि पुष्कळ शाळांतून हा विषय पाठ्यपुस्तक, तक्ता आणि फळा यांच्यापलीकडे जात नाही. फुलाचे भाग शिकविण्यासाठी शिक्षक फळ्यावर जास्वंदीची आकृती काढतात आणि त्याच वेळी खिडकीबाहेर पांगारा फुललेला असतो. वर्षातून एकदा दूरच्या स्थळी सहल नेली म्हणजे निसर्गदर्शनाचे कर्तव्य संपले, अशीही समजूत आढळते. अशा सहलीत मुलांना आनंद होतो यात शंका नाही. पण एका दिवसात शंभर वस्तू पाहणाऱ्या मुलाच्या मनावर त्यांतील फारच थोड्यांचा ठसा उरतो.

याउलट, शाळेजवळची एकच वाट निवडून ती वर्षभर ठराविक दिवशी चालल्यास मुलांना पुष्कळ अधिक मिळते. ही वाट कशी निवडावी, तीवर काय पाहावे, पाहिलेले कसे नोंदवावे आणि कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाहणे आणि न्याहाळणे

डोळे उघडे असले म्हणजे मनुष्य पाहतोच. न्याहाळण्यासाठी मात्र मनात एखादा प्रश्न असावा लागतो. याचे उत्तम उदाहरण पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या चरित्रात सापडते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. १९३० साली त्यांच्या हाताशी नोकरी नव्हती आणि ते कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, किहीम या गावी राहत होते. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरणीची लोंबती घरटी कोकणात कोणी पाहिली नाहीत? पण सालिम अली यांनी दिवसामागून दिवस तीच घरटी न्याहाळली आणि कोणता पक्षी काय करतो हे लिहून ठेवले. त्यातून असे निष्पन्न झाले की घरटे विणण्यास आरंभ नर करतो. ते अर्धे झाले असता मादी येऊन त्याची पाहणी करते. तिने पसंत केल्यावर नर ते पुरे करतो. आणि ती अंडी घालू लागली की तो दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो. कवितेत आणि बोलण्यात आपण ज्या कारागिरीचे श्रेय ‘सुगरणी’स देतो, ती वस्तुतः नराची आहे. या शोधासाठी लागले ते चिकाटी, वही आणि रोज तीच जागा. या तीनही गोष्टी खेड्यातील कोणत्याही शाळेस उपलब्ध आहेत.

उपनगरांचे उदाहरण

खेड्यातील शिक्षकास वाटण्याचा संभव आहे की आपली मुले निसर्गातच वाढतात, त्यांना निराळे काय दाखवावयाचे? म्हणूनच येथे मुद्दाम मुंबईच्या उपनगरांचे उदाहरण घेतले आहे. जेथे इमारती, लोहमार्ग आणि वाहने यांची इतकी दाटी आहे, तेथेही नित्याच्या वाटेवर किती पाहण्यासारखे आहे हे लक्षात आले, म्हणजे आपल्या गावच्या वाटेकडे शिक्षक नव्या दृष्टीने पाहू लागतील.

मुंबईची उपनगरे साष्टी बेटावर वसली आहेत. बेटाच्या मध्यभागी डोंगररांग असून तीवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस बोरिवली आणि पूर्वेस मुलुंड ही उपनगरे या जंगलाला अगदी खेटून आहेत. उद्यानाच्या पोटात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आणि कान्हेरीची प्राचीन लेणी आहेत. अंधेरीस गिल्बर्ट टेकडी नावाचा सुमारे ६१ मीटर उंचीचा बेसाल्ट खडकाचा सुळका भर वस्तीत उभा आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्याच्या पूर्वेस ठाण्याची खाडी असून तिच्या काठी तिवरांची दाट वने आहेत. डोंगर, तलाव, खडक आणि खाडी अशी चार प्रकारची स्थळे एवढ्याशा टापूत एकत्र आल्यामुळे फुले, पक्षी व कीटक यांची येथे विलक्षण विविधता आहे. तथापि येथे राहणाऱ्या सहस्रावधी मुलांना दारापुढच्या झाडाचेही नाव सांगता येत नाही. तेव्हा उणीव आहे ती निसर्गाची नसून परिचयाची होय. खेड्यातही हीच उणीव हळूहळू शिरत आहे, याची जाणीव शिक्षकांनी ठेवावी.

ऋतुमानाप्रमाणे काय पाहावे

*माघ-फाल्गुन.* या दिवसांत काटेसावर, पळस आणि पांगारा ही झाडे फुलतात. तिन्हींची पाने त्या वेळी बहुतेक गळालेली असतात आणि फुले लाल वा केशरी असतात. असे का, हा प्रश्न मुलांना विचारावा व उत्तर सांगण्याची घाई करू नये. झाडाखाली पाव तास शांत उभे राहिल्यास मैना, बुलबुल, कावळे आणि शिंजीर फुलांवर येताना दिसतील. फुलांतील मध पिताना त्यांच्या डोक्यास व चोचीस पराग लागतो आणि तो दुसऱ्या फुलावर पोहोचतो. पाने नसल्यामुळे फुले दुरून दिसतात, हे मुले स्वतःच ताडतात. याच सुमारास कुसुंबास तांबडी पालवी फुटते. पुष्कळांना ती फुलेच वाटतात. फांदी जवळून पाहून मुलांनी निर्णय करावा. भरदुपारी ‘टुक्‌ टुक्‌’ असा एकसुरी आवाज ऐकू येतो, तो तांबट पक्ष्याचा. तो दिसण्यापूर्वी ऐकू येतो, म्हणून आधी कानाने आणि मग डोळ्याने शोधण्याचा सराव त्याच्यापासून सुरू करावा.

*चैत्र ते ज्येष्ठ.* बहाव्याचे पिवळे घोस, ताम्हणाची जांभळी फुले, गुलमोहर आणि सोनमोहर यांचा हा काळ. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, ही माहिती पुस्तकात असते. पण ते फूल हाताच्या अंतरावर पाहिलेली मुले थोडी. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा आणि रस्त्याकडेचा वर्षावृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेतला. बहावा, पळस व ताम्हण मात्र आपल्याच भूमीतील. वाटेवरील झाडांची ‘येथली’ व ‘बाहेरून आलेली’ अशी यादी केली असता भूगोलाचा एक पाठ आपोआप तयार होतो. याच दिवसांत कोकीळ कावळ्याच्या घरट्याभोवती घिरट्या घालताना दिसेल. गाणारा काळा पक्षी हा नर आणि ठिपकेदार तपकिरी पक्षी ही मादी, हे मुलांना दाखवावे. उन्हाळ्याच्या सुटीमुळे हा बहर शाळेच्या दृष्टीने हुकतो. म्हणून सुटीतील गृहपाठ म्हणून, मामाच्या गावी अथवा स्वतःच्या गावी फुललेल्या पाच झाडांची नोंद मुलांनी आणावी.

*आषाढ-श्रावण.* पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून शेवळे वर येतात. बोरिवली, मुलुंड यांसारख्या उपनगरांच्या बाजारांत आदिवासी स्त्रिया त्यांच्या जुड्या विकावयास आणतात. शेवळाची भाजी घशास खाजते, म्हणून ती काकडांसारख्या आंबट फळांबरोबर शिजवितात. ही विद्या पुस्तकात नसून त्या स्त्रियांच्या हातात आहे. पुढे चवर, तेरडा, केणा आणि कळलावी फुलतात. कळलावीच्या पाकळ्या आधी पिवळट-हिरव्या व मागाहून लाल होतात, हा बदल एकाच फुलावर चार-पाच दिवस पाहता येतो. तिचा कंद विषारी असल्याने रोपास हात लावू देऊ नये.

*भाद्रपद ते कार्तिक.* फुलपाखरांचा हा मोसम होय. निळ्या-काळ्या पंखांचे मोठे ‘नीलवंत’ फुलपाखरू २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. ते उपनगरांतील बागांतूनही उडताना दिसते. ऑक्टोबरच्या सुमारास सायंकाळी सातविणीच्या फुलांचा उग्र वास येऊ लागतो. शेपटी सतत खालीवर हलविणारे धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन मोकळ्या जागी उतरतात. ज्या दिवशी पहिला धोबी दिसेल त्या दिवसाची तारीख अवश्य लिहावी.

*मार्गशीर्षापासून पुढे.* ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेल्याची नोंद आहे. २०१५ साली खाडीचा काही भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर, यादीत स्थान मिळाले. रोहिताचा गुलाबी रंग त्याच्या अन्नातून येतो. पिले करडी असतात. काठावरील तिवराची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे हवा घेण्यासाठी असतात आणि त्याच्या पानांवर मिठाचे बारीक कण आढळतात. खाऱ्या चिखलात झाड कसे जगते, याचे उत्तर त्या पानावरच दिसते.

एका रोपावरील पाठ

प्रत्येक वेळी अनेक वस्तू दाखविण्याचा मोह टाळावा. उदाहरणार्थ, रस्त्याकडेची रुई घ्यावी. पानाच्या खालच्या बाजूस एखादे पांढुरके अंडे अथवा काळ्या, पिवळ्या व पांढऱ्या पट्ट्यांचा सुरवंट शोधण्यास सांगावे. सुरवंट सापडल्यावर तो तेथेच राहू द्यावा व त्या पानाजवळच्या फांदीस दोरा बांधून ठेवावा. पुढील फेरीत तो किती वाढला, किती पाने खाल्ली, कोष कोठे केला, हे पाहावे. अंड्यापासून नारिंगी फुलपाखरापर्यंतचा प्रवास सुमारे महिन्याभरात पुरा होतो. रुईचा चीक विषारी असतो. तो खाऊन वाढल्यामुळे हे कीटकही बेचव व अपायकारक होतात आणि पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहीत. म्हणूनच हे फुलपाखरू भडक रंगाचे असूनही निर्भयपणे संथ उडते. रंग, अन्न आणि संरक्षण यांचा हा संबंध मुलांस समजला, तर चार फेऱ्या एका रोपापाशी खर्च झाल्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. मात्र चीक डोळ्यांस अत्यंत अपायकारक असल्याने पाने तोडू देऊ नयेत.

कारवीचा धडा

नोंदवहीचे महत्त्व कारवीइतके दुसरे कोणतेही झुडूप पटवून देत नाही. बोरिवली, मुलुंड व येऊरच्या डोंगरउतारांवर कारवी दाट वाढते. तिच्या सरळ काठ्या विणून आणि त्यांवर माती व शेण लिंपून वारली लोक कुडाच्या भिंती उभारीत आले आहेत. कारवी सात वर्षे नुसती पाने धरते आणि आठव्या वर्षी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, संपूर्ण उतारावर एकदम जांभळट-निळ्या फुलांनी बहरते. मधमाश्यांची त्या वेळी तेथे झुंबड उडते. फुले गेल्यावर बी धरते, झुडूप वाळते, बोंडे तडकून बी आजूबाजूस उधळते आणि नवी पिढी उगवते. तुरळक रोपे अधल्यामधल्या वर्षी फुलतात. पण या डोंगरांवरील सार्वत्रिक बहर २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी आला. यापुढील बहर २०३२ साली अपेक्षित आहे.

आता शाळेच्या दृष्टीने हिशेब करावा. जून २०२५ मध्ये पहिलीत दाखल झालेला विद्यार्थी सातवी उत्तीर्ण होऊन २०३२ च्या उन्हाळ्यात शाळा सोडील. त्याच वर्षी भाद्रपदात कारवी फुलेल. म्हणजे सात वर्षे त्याच डोंगराच्या पायथ्याशी शिकूनही शाळेत असताना त्याला तो बहर दिसणार नाही. त्याला कारवीची गोष्ट कळेल ती केवळ २०२४ च्या मुलांनी वहीत काही लिहून ठेवले असेल तरच. तसेच २०३२ साली पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी आजच्या मुलांनी कारवीच्या रोपांची उंची वर्षानुवर्षे मोजून ठेवली, तर बहराच्या मागे किती दीर्घ तयारी असते हे त्यांना आकड्यांत दिसेल. एका इयत्तेस जे समजू शकत नाही ते शाळेस समजू शकते. मात्र त्यासाठी शाळेने लिहून ठेवावयास हवे.

इतर डोंगरांवर कारवीच्या बहराची वर्षे निराळी असतात. म्हणून आपल्या गावच्या डोंगरावर ती शेवटची केव्हा फुलली, हे गावातील वृद्धांस विचारून नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

फेरीची पद्धती

१. वाट अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब नसावी. तीवर दोन-तीन मोठी झाडे, थोडे कुंपण अथवा बांध, आणि शक्य तर पाण्याची जागा असावी.

२. पंधरवड्यातून एकदा, ठराविक वारी, सकाळी ऊन चढण्यापूर्वी चाळीस मिनिटांची फेरी काढावी. शिक्षकाने आदल्या दिवशी ती वाट एकट्याने चालून यावे.

३. मुलांचे पाच-पाचांचे गट करावेत. एका गटाकडे झाडे, दुसऱ्याकडे पक्षी, तिसऱ्याकडे कीटक, चौथ्याकडे हवामान असे काम द्यावे व ते दर फेरीस बदलावे.

४. प्रत्येक गटास एक झाड नेमून द्यावे. त्याची पालवी, कळी, फूल, फळ व पानगळ यांची नोंद वर्षभर व्हावी. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात अनेक शाळांतील मुले अशाच नोंदी करीत असतात. ऋतुमान बदलत आहे की काय, हे समजण्यास अशा साध्या नोंदी शास्त्रज्ञांनाही उपयोगी पडतात.

५. आधी वर्णन व मग नाव, हा क्रम सोडू नये. नाव ठाऊक नसल्यास आकार, रंग, आवाज व ठिकाण लिहून नावाची जागा कोरी ठेवावी. भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेण्यास हरकत नाही. परंतु ते मुलांनी चित्र काढून झाल्यावर घ्यावे. चित्र काढताना पाकळ्या मोजाव्याच लागतात. छायाचित्र घेताना त्या न मोजताही चालते.

नोंदवहीत दिनांक, तिथी, हवामान, काय दिसले, काय करीत होते, गावातील नाव, ते नाव कोणी सांगितले आणि मनात आलेला प्रश्न, असे रकाने आखावेत. यांतील ‘नाव कोणी सांगितले’ हा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. वर्गात वारली, कातकरी, ठाकूर अथवा धनगर कुटुंबांतील मुले असतील, तर त्यांच्या आजीआजोबांस फेरीसाठी आग्रहाने बोलवावे. ज्या मुलास वाचनात मागे पडल्याबद्दल बोलणी बसतात, तेच मूल वीस वेलींची नावे बिनचूक सांगते, असा अनुभव अनेक शाळांत येतो. त्याचे ज्ञान शाळेच्या वहीत त्याच्या नावानिशी लिहिले गेले, म्हणजे शाळा आपली आहे असे त्यास वाटू लागते. ही नावे जाणणारी पिढी वृद्ध झाली आहे. ती लिहून घेण्यास फार काळ हाती नाही.

अन्य विषयांशी समवाय

दरमहा फुललेल्या झाडांच्या संख्येवरून स्तंभालेख काढता येतो. झाडाचा घेर सुतळीने मोजून कोष्टक करता येते. भाषेच्या तासाला गावांची नावे घ्यावीत : वडवली, आंबिवली, चिंचवली यांसारख्या नावांत झाडे लपलेली आहेत, आणि बोरिवलीचे नाव बोरींवरून पडले असे सांगितले जाते. भरती-ओहोटीच्या वेळा, रोहितांचा प्रवास आणि झाडांची मूळस्थाने यांतून भूगोल येतो. निराळा तास मागण्याची गरज पडत नाही.

सावधगिरी

फेरीस किमान दोन वडील माणसे असावीत. पहाटे व सायंकाळी जंगलालगत मुलांना नेऊ नये. संजय गांधी उद्यानाच्या परिसरात बिबट्यांचा वावर आहे. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यामुळे भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. तेव्हा वस्ती स्वच्छ ठेवणे हाच मोठा बचाव होय, हे मुलांना सांगावे. विहार व पवई तलावांत मगरी आहेत. पाण्याच्या काठास उतरू नये. पावसाळ्यात गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप मुलांनी चित्रावरून ओळखावयास शिकावेत. परंतु कोणत्याही सापाच्या जवळ जाऊ नये. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तेथेच मिळते. खाजकुयली व आग्या मोहोळ यांच्या जागा शिक्षकाने आधीच हेरून ठेवाव्यात. घरटी, अंडी व पिले यांना हात लावू नये. वन्यजीवांस उपद्रव देण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. राखीव वनात फेरी नेण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.

नोंदवहीची जपणूक

या उपक्रमास खर्च असा नाही. जाड पुठ्ठ्याची एक मोठी वही, सुतळी आणि पट्टी एवढे साहित्य पुरे. मात्र वर्षाखेरीस वही रद्दीत जाऊ नये, याची व्यवस्था आरंभीच करावी. शिक्षकांच्या बदल्या होतात आणि त्यांच्याबरोबर उत्तम उपक्रमही शाळेतून जातात. म्हणून ही नोंदवही शाळेच्या इतर नोंदवह्यांप्रमाणेच क्रमांक देऊन कपाटात ठेवावी आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत तिचा उल्लेख करून नव्या शिक्षकाच्या हाती सोपवावी. पहिली फेरी चालू पंधरवड्यातच काढावी व त्या दिवशी जे एक झाड फुललेले असेल, त्यापासून लिहिण्यास आरंभ करावा.